गोठ्यावरचा पत्रा आणि जिनिव्हातला नकार

कृष्णाकाठ

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोठ्यात छातीएवढं पाणी होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. दोन्ही वेळा म्हशी आधी हलवल्या म्हणून वाचल्या, पण भिंती खचल्या आणि वरचे सिमेंटचे पत्रे तडकले. तडकलेल्या जागी डांबर-गोणपाट लावून इतकी वर्षं काढली. यंदा वडील म्हणाले, मिरगाच्या आत छप्पर बदलायचं.

मिस्त्री आला, हाताखाली त्याचा वीस वर्षांचा पुतण्या. जुने पत्रे त्यांनी वरूनच खाली टाकले, ते फुटले. नवे पत्रे मापात बसवायला ग्राइंडर लावला. पांढरा धुरळा उठला आणि म्हशींच्या पाण्याच्या हौदावर साय धरल्यासारखा बसला. पोराच्या भुवया पांढऱ्या झाल्या. संध्याकाळी आईने खराट्याने सगळं अंगण झाडून काढलं. मी तिथंच उभा होतो आणि काही बोललो नाही, कारण मला काही माहीतच नव्हतं.

रात्री एका उरलेल्या तुकड्यावर बारीक इंग्रजी अक्षरं दिसली. फोटो काढून, मोठा करून वाचला. आत ॲस्बेस्टॉस आहे, धूळ श्वासावाटे घेऊ नका. आमच्या मिस्त्रीला इंग्रजी येत नाही. मला येतं, पण मी काम झाल्यावर वाचलं.

त्यानंतर महिनाभर रात्री जागून वाचत बसलो. जे कळलं ते लिहितो.

या पत्र्यात सिमेंटसोबत एक खनिज तंतू असतो, क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस. वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढरं धरून, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहेत. युरोपीय संघात ते २००५ पासून बंद आहे. आपल्याकडे केंद्राने १९८६ मध्ये नव्या खाणपट्ट्यांना मनाई केली. म्हणजे आपल्या जमिनीतून काढायला आपणच नको म्हटलं. पत्र्याचे कारखाने मात्र चालूच राहिले, आणि आज जगात कच्चं ॲस्बेस्टॉस सगळ्यात जास्त आयात करणारा देश आपण आहोत. लाखो टन. येतं मुख्यतः रशिया, कझाकस्तान आणि ब्राझीलमधून. ब्राझीलचं वाचून तर मी तसाच बसून राहिलो. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. मग २०१९ मध्ये गोयास नावाच्या राज्याने कायदा केला की खाण चालू राहील, पण माल फक्त परदेशी पाठवायचा. तिथल्या माणसाच्या घरावर जे चालत नाही, ते जहाजात भरून आमच्या गोठ्यावर.

अशा मालाच्या व्यापारासाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे, रॉटरडॅम करार. १९९८ मध्ये झाला, २००४ मध्ये लागू झाला, भारत २००५ मध्ये सामील झाला. हा करार कशावरही बंदी घालत नाही, हे आधी नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. करारात घातक रसायनांची एक यादी आहे, तिसरं परिशिष्ट. यादीतल्या मालाचे धोके काय, हे सगळ्या सदस्य देशांना कळवलं जातं. प्रत्येक देशाने ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘या अटींवर हो’ असं उत्तर द्यायचं. ते उत्तर माल पाठवणाऱ्या देशाने पाळायचं. मालावर धोक्याची सूचना हवी, ती शक्य तिथे घेणाऱ्या देशाच्या राजभाषेत हवी. इतकंच.

ॲस्बेस्टॉसचे बाकीचे पाच प्रकार या यादीत आहेत. व्यापार ज्याचा चालतो ते पांढरं मात्र नाही. कराराच्या तज्ज्ञ समितीने शिफारस केली, सदस्य देशांच्या बैठकीत २००६ पासून २०२५ च्या जिनिव्हा बैठकीपर्यंत विषय पुन्हा पुन्हा पटलावर आला आणि प्रत्येक वेळी पडला. यादीत भर घालायला सर्वसंमती लागते. मतदान नाही. मोजक्या देशांनी हात वर केला की विषय दोन वर्षांसाठी बंद.

२०११ च्या बैठकीत आपल्या प्रतिनिधींनी उभं राहून सांगितलं की भारताची हरकत नाही. सभागृहात टाळ्या वाजल्या. त्या खेपेला कॅनडाने अडवलं. २०१३ मध्ये कॅनडा बाजूला झाला, तेव्हा अडवणाऱ्यांत रशिया, कझाकस्तान, झिम्बाब्वे यांच्या शेजारी भारत बसलेला.

बंदी असावी की नसावी, यात मला आत्ता शिरायचं नाही. मला लागलं ते वेगळं आहे. विकणारा म्हणतो, धोका सांगणार नाही. त्याचा धंदा आहे, समजू शकतो. पण ज्याच्या बंदरात हा माल उतरतो, ज्याची पोरं तो कापतात, त्या देशानेच ‘आम्हाला सांगू नका’ म्हणावं?

इथं कुणाला यातलं अधिक माहीत असेल तर लिहा.

उद्यमनगरचा

चांगला धागा. शिरोलीत आमची छोटी फौंड्री आहे, म्हणून बाहेरून येणाऱ्या मालाचा एक अनुभव लिहितो.

३० सप्टेंबर २००४ ला गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातून जिवंत तोफगोळे आले आणि स्फोटात दहा कामगार गेले. भंगार युद्ध झालेल्या मुलखातलं होतं. त्यानंतर लगेच नियम झाला. भंगार जहाजावर चढायच्या आधी तपासणी करायची, त्यात स्फोटकं नाहीत आणि किरणोत्सार नाही असा दाखला घ्यायचा. दाखला नसेल तर माल बंदरात अडतो.

आमचे वडील त्या काळात गाडी उतरताना हातात कांब घेऊन स्वतः ढिगाऱ्यावर उभे राहायचे. नळकांडं दिसलं की बाजूला. कामगारांना जवळ येऊ द्यायचे नाहीत. दाखल्याचा नियम आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी कुरकुर केली, खर्च वाढला, माल उशिरा यायला लागला. पण त्यामुळे कोल्हापूरची एकही भट्टी बंद पडली नाही. आणि ‘तपासणी मागितली तर भंगाराची बदनामी होईल’ असं आम्हा भंगार वापरणाऱ्यांत तरी कुणी म्हणालं नाही.

गाझियाबादला माणसं त्याच दिवशी गेली, म्हणून महिन्याभरात नियम झाला. पत्र्याच्या बाबतीत तसं होत नाही, एवढाच फरक मला दिसतो.

गडहिंग्लजकर

मी पत्रे विकतो. तेवीस वर्षं दुकान आहे. धागाकर्त्याची तळमळ खरी आहे, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो.

गोठ्यात लोखंडी पत्रा टिकत नाही. जनावराच्या मुताची वाफ लागते आणि सहा-सात वर्षांत त्याची चाळण होते. उन्हाळ्यात तापतो तो वेगळाच, म्हैस धापा टाकते, दूध कमी देते. कौल घालायचं तर वासे, रिपा, सुतार, आणि माकडं एका दुपारी निम्मी कौलं फोडतात. आजरा-चंदगडच्या पावसात लोखंडी पत्र्याखाली माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. सिमेंटचा पत्रा स्वस्त, थंड, गंजत नाही, चाळीस वर्षं बघायला नको. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याचं छप्पर आहे ते.

दुसरं, तंतू सिमेंटमध्ये पक्का बसलेला असतो. छपरावर शांत पडून असलेला पत्रा कुणाचं काही बिघडवत नाही. कापताना काळजी घ्यावी, हे मान्य.

तिसरं आणि महत्त्वाचं. ‘नुसती माहिती द्या’ हे कागदावर ठीक आहे. बाजारात घातक मालाच्या यादीत नाव गेलं की निविदेतून माल बाद होतो, बँक कर्जाला नाक मुरडते, गिऱ्हाईक परत जातं. यादी म्हणजे निम्मी बंदीच. पर्यायी तंतू घालून पत्रे बनतात, पण ते महाग पडतात. सरकारने गरिबाचं छप्पर डोळ्यापुढे ठेवून नको म्हटलं असेल, तर त्याला एकदम देशद्रोहासारखं का बघायचं?

कृष्णाकाठ

गडहिंग्लजकर, मनापासून आभार. गोठा, माकडं आणि पावसाचा आवाज याबद्दल तुम्ही लिहिलेला शब्दन् शब्द खरा आहे. आमच्याकडेही लोखंडी पत्रा याच कारणाने नको झाला होता. आणि शाबूत पत्र्यापेक्षा कापलेला, फुटलेला पत्रा घातक, हेही बरोबर. फक्त आपल्या भागात पत्रा शांत पडून राहत नाही. २०१९ नंतर शिरोळ, करवीर, हातकणंगल्यात पत्र्याचे किती ढीग रस्त्याकडेला पडले होते ते तुम्हीही पाहिलं असेल. ते तुकडे पुढे भरावाला गेले, त्यावरून ट्रॅक्टर गेले.

यादी म्हणजे निम्मी बंदी, यावर मात्र मला भांडायचं आहे.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. ३९ ला कुणी गाव सोडत नाही. वैरण माळ्यावर चढवतो, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पाठवतो, मोटर काढून ठेवतो. ज्याला थांबायचं तो थांबतो. आता कुणी म्हणालं, ३९ च्या खुणेमुळे नदीकाठच्या जमिनीचा भाव पडतो, खूण पुसा, तर आपण ऐकून घेऊ का? अलमट्टी धरणातून किती विसर्ग चाललाय हा आकडा वेळेवर कळावा म्हणून दर पावसाळ्यात आपण कर्नाटकाच्या मागे लागतो. तिथं आपल्याला आधी कळायला हवं असतं. तोच आपला देश जिनिव्हात जाऊन म्हणतो की आधी कळवायची गरज नाही.

शिवाय करारात एक कलम आहे, ते तुमच्या शंकेला धरून आहे. एखादा देश यादीतला माल नको म्हणाला, तर त्याला तो इतर कुठल्याही देशातून आणता येत नाही आणि घरच्या वापरासाठी स्वतः बनवताही येत नाही. म्हणजे शेजाऱ्याचा माल अडवून स्वतःचा खपवायला या कराराचा उपयोग करताच येत नाही. आणि जो ‘हो, पाठवा’ म्हणतो त्याचा व्यापार चालूच राहतो. उद्या यादीत नाव गेलं तरी भारत ‘हो’ म्हणू शकतो. फक्त तो ‘हो’ लेखी, धोका वाचून, स्वतःच्या सहीने म्हणावा लागेल. मला वाटतं, टाळायची आहे ती ही सही.

देशद्रोह वगैरे शब्द मी वापरलेला नाही, आणि तुमच्यासारख्या विकणाऱ्याकडे बोट दाखवायचं माझ्या मनातही नाही.

रांगडा गडी

सगळं खरं भावा, पण आमच्या घरावर सत्तावीस पत्रं हाईत. जिनिव्हा ऱ्हाऊदे तिकडं. आता मी काय करू ते सांग. काढू का ठेवू?

श्वास

वरच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, कोल्हापुरातच.

पत्रे धड असतील तर काढू नका. भोकं पाडू नका, घासू नका, वर चढून तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडू नका. रंगाचा हात दिलात तर पृष्ठभाग धरून राहतो. काढायचेच असतील तर पाणी मारून ओले करा, हुकाच्या नटावर तेल टाकून ते सोडवा, पत्रा अखंड खाली घ्या. ग्राइंडर अजिबात नको. कापणं टळत नसेल तर ओल्या पत्र्यावर हातकरवत. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, एन-९५ सुद्धा पुरत नाही, चेहऱ्यावर घट्ट बसणारा, त्याहून वरच्या दर्जाचा (एफएफपी३ किंवा पी-१००) मास्क लागतो. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. ही शेवटची गोष्ट बायका-पोरांसाठी फार महत्त्वाची आहे. नवऱ्याचे धुळीचे कपडे धुऊन आजारी पडलेल्या स्त्रियांची नोंद वैद्यकात अनेक देशांतून झालेली आहे.

आता ‘उद्यमनगरचा’ यांनी जो फरक सांगितला त्याबद्दल. हा तंतू फुप्फुसात गेला की सगळाच विरघळून जात नाही आणि शरीर त्याला सहज बाहेर काढू शकत नाही. फुप्फुस कडक होत जातं, किंवा फुप्फुसाचा कर्करोग, किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, ज्याला मेसोथेलिओमा म्हणतात. धूळ गेल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस, तीस, चाळीस वर्षं जातात. आज आलेल्या रुग्णाने १९९० च्या आसपास कुठे काम केलं, हे विचारावं लागतं.

मी स्वतः कितीतरी वर्षं हे विचारत नव्हतो. ‘तंबाखू खाता का, बिडी ओढता का’ एवढंच विचारायचो आणि ‘हो’ आलं की पुढचा रुग्ण बोलवायचो. एक गृहस्थ आले होते, पाणी भरलेली छाती घेऊन. तपासणीत आवरणाचा कर्करोग निघाला. बिडी नाही, तंबाखू नाही. शेवटी शेवटी त्यांच्या मुलीने सांगितलं की बाबा तरुणपणी मुंबईकडे पत्र्याच्या कारखान्यात सहा वर्षं होते. तेव्हा माझ्या कागदावर धंदा या रकान्यात ‘शेती’ लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला पहिल्या नोकरीपासून विचारतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस कामगारांचा आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला आणि कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं जपाव्यात असं सांगितलं. तो निकाल कारखान्याच्या आतल्या माणसापुरता. पत्रा बसवणारा मिस्त्री कुणाच्या हजेरीपटावर नसतो, त्याची नोंद कुठेच नाही. मग जिनिव्हाच्या बैठकीत सांगितलं जातं की भारतात रुग्ण दिसत नाहीत. नोंदच नसेल तर दिसणार कुठून?

वारणेची

मी कृषी पदवीधर, वारणेच्या खोऱ्यात कृषी सेवा केंद्र चालवते. धाग्यात पत्र्याचं चाललंय, पण याच करारात माझ्या दुकानातला मालही येतो, म्हणून हा लांब प्रतिसाद.

‘आम्हाला सांगू नका’ हे आपण पहिल्यांदा म्हणत नाही. एंडोसल्फान या कीटकनाशकाच्या वेळी असंच झालं. केरळात कासरगोडच्या काजूबागांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने ते फवारलं गेलं, आणि त्या गावांत जन्माला आलेल्या मुलांचे हाल साऱ्या देशाने पाहिले. तरीही आंतरराष्ट्रीय बैठकांत आपण वर्षानुवर्षं विरोध करत राहिलो, कारण जगात सगळ्यात जास्त एंडोसल्फान आपणच बनवत होतो. शेवटी एप्रिल २०११ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (हा करार टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवर बंदी घालतो) बैठकीत, काही पिकांसाठी मुदतीची सवलत घेऊन, आपण मान्य केलं. पुढच्याच महिन्यात, १३ मे २०११ ला, सर्वोच्च न्यायालयाने उत्पादन आणि विक्री थांबवली. एंडोसल्फानशिवाय शेती बुडेल असं तेव्हा आम्हा विक्रेत्यांना सांगितलं जायचं. शेती बुडाली नाही, हे मी काउंटरच्या मागून पाहिलं आहे.

आता पॅराक्वाट घ्या. उसात, बांधावर तण जाळायला सर्रास वापरतात. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडाने सांगते. रॉटरडॅम करारात एक चांगली सोय आहे. विकसनशील देशाला एखादं तयार औषध त्याच्या शेतकऱ्यांना झेपत नाही असं दिसलं, तर तो एकटा प्रस्ताव देऊ शकतो. बुर्किना फासो या आफ्रिकेतल्या गरीब देशाने पॅराक्वाटच्या एका औषधासाठी तसा प्रस्ताव दिला. तज्ज्ञ समितीने मान्य केला. बैठकीत दहा वर्षांहून अधिक काळ तो अडून आहे, आणि अडवणाऱ्यांत आपण आहोत. बुर्किना फासोच्या शेतकऱ्याला सूचना मिळू नये यात कोल्हापूरच्या शेतकऱ्याचं काय हित आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

श्रीमंत देशही धुतल्या तांदळाचे नाहीत. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशासाठी अडवली. आमच्या शेजारी सांगलीकडच्या बागायतदारांना त्या हंगामाने झोपवलं. खाणाऱ्याच्या पोटासाठी एवढी दक्षता. आणि युरोपात शेतात वापरायला बंदी असलेली औषधं तिथेच बनवून बाहेरच्या देशांना विकायला परवानगी! फ्रान्सने २०२२ पासून अशी निर्यात कायद्याने बंद केली, बाकी बऱ्याच जणांचं चालूच आहे. म्हणून ‘गोरे लोक आपल्याला शिकवतात’ असं म्हणून कुणी उठलं की टाळ्या पडतात. पण पाठवणाऱ्याचा दुटप्पीपणा पकडायचा तर हाच करार हातात हवा. तो दुबळा ठेवून पाठवणाऱ्याचंच काम सोपं होतं.

२०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या हंगामात माझ्याकडे येणारे लोक पहिल्यांदा हातमोजे मागायला लागले. दोन महिने मागितले, मग पुन्हा उघड्या हातांनी फवारणी सुरू.

एक बरी बातमी. २०२५ च्या बैठकीत कार्बोसल्फान हे कीटकनाशक यादीत गेलं. म्हणजे गाडी अगदीच रुतलेली नाही.

सीमाभाग

कॅनडाने भूमिका का बदलली? त्यांच्या तर खाणी होत्या ना? आपल्याकडे खाणीही नाहीत.

कृष्णाकाठ

@सीमाभाग, हाच भाग मी सगळ्यात जास्त वाचला, कारण आशा वाटावी असं त्यात काही आहे.

क्वेबेक प्रांतात शंभर वर्षांहून जुन्या खाणी. एका गावाचं नावच ॲस्बेस्टॉस. कॅनडात स्वतःचा वापर जवळपास संपला होता, राजधानीत संसदेच्या इमारतींतून जुनं ॲस्बेस्टॉस काढायचं काम चालू होतं, आणि त्याच वेळी खाणीतला माल भारतासारख्या देशांना जात होता. १९९७ पासून फ्रान्सने बंदी घातली तेव्हा कॅनडाने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. २००१ मध्ये अपिलात फ्रान्स जिंकला. व्यापाराच्या नियमांतही लोकांच्या जिवासाठी माल अडवता येतो, हे तिथे ठरलं. म्हणून ‘आम्ही नाही म्हटलं तर व्यापार संघटना कान धरेल’ हे कारण पंचवीस वर्षांपूर्वीच निकालात निघालं आहे.

तरी कॅनडा २०११ पर्यंत अडून बसला. बदल घडला तो निवडणुकीमुळे. प्रांताच्या सरकारने खाण पुन्हा सुरू करायला ५.८ कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं होतं. सप्टेंबर २०१२ मध्ये प्रांतात सत्ता बदलली, नव्या सरकारने कर्ज रद्द करायचं ठरवलं, आणि काही दिवसांतच केंद्र सरकारने जाहीर केलं की यापुढे यादीला विरोध करणार नाही. डॉक्टर, कामगार, मेलेल्यांची कुटुंबं त्याआधी कित्येक वर्षं त्यांच्या खासदारांच्या मागे लागली होती. २०१८ च्या अखेरीस तिथे, मोजके अपवाद सोडून, बंदी आली. २०२० मध्ये त्या गावाने मतदान घेऊन नाव बदललं, आता ते व्हाल-दे-सूर्स आहे.

जिनिव्हातलं मत जिनिव्हात ठरत नाही, ते घरी ठरतं. २००९ मध्ये आपल्या राज्यसभेतही पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या बंदीचं खासगी विधेयक आलं होतं. त्याचं नाव तरी आपल्या किती जणांनी ऐकलंय? मी ऐकलं नव्हतं. ऊसदरासाठी आपण रस्त्यावर बसतो, टोल आपण हटवला, पण या प्रश्नावर आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या खासदाराला कुणी एक पत्र लिहिलंय का?

निपाणीची लेक

माझी आई चाळीस वर्षं बिड्या वळत होती. तंबाखूच्या वखारीत आजी. म्हणून एक बोलते.

तंबाखूच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने फेब्रुवारी २००४ मध्येच मान्यता दिली, तो लागू व्हायच्या आधी. तंबाखू पिकवणारा एवढा मोठा देश असून. म्हणजे मनात आलं तर आपण पुढे होतो. त्यातूनच पुढे पाकिटावर मोठं चित्र आलं, २०१६ पासून ८५ टक्के जागेवर, बिडीच्या बंडलावरसुद्धा. आई अडाणी. तिने बंडल हातात घेऊन चित्र बघितलं आणि मला विचारलं, हे काय झालंय त्या माणसाला? तोवर तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण त्याच करारात तंबाखूवर जगणाऱ्यांना दुसरा धंदा मिळवून द्यावा असंही कलम आहे. ते कलम निपाणीच्या गल्लीत पोचलं नाही. माझ्या मावशीला बिडी कमी झाली आणि हातात काही आलं नाही. तेव्हा पत्र्याच्या कारखान्यातल्या कामगारांचं, दुकानदारांचं काय करणार हे आधीच लिहून घ्या. नाहीतर त्यांनाच पुढे करून विरोध चालू राहील, तंबाखूच्या परिषदेच्या वेळी शेतकऱ्यांना पुढे केलं तसा.

गडहिंग्लजकर

दोन दिवस विचार करून लिहितोय. ‘निपाणीची लेक’ यांचं पटलं. कृष्णाकाठ यांचा सहीचा मुद्दाही डोक्यातून जात नाही.

एक गोष्ट कबूल करतो. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी दुकानाच्या मागे आम्ही पत्रे मापात कापून देतो. ग्राइंडरनेच. पोरगा कापतो, माझ्याकडे अकरा वर्षं आहे. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचल्यावर त्याला विचारलं, दम लागतो का रे? म्हणाला, जिन्यावर लागतो.

@श्वास, त्याला तुमच्याकडे पाठवायचं आहे. काय तपासण्या लागतील? खर्च माझा.

श्वास

पाठवा. छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी, एवढ्यापासून सुरू करू. निरोपात पत्ता देतो. येताना त्याला अकरा वर्षांत काय काय केलं ते आठवून यायला सांगा. आणि आजपासून तो ग्राइंडर बंद.

गडहिंग्लजकर

बंद केला.

रांगडा गडी

डॉक्टर, लई आभार. पत्रं ठेवतोय. पण परड्यात जुन्या फुटक्या पत्र्याचा ढीग हाय, त्याचं काय? पंचायतीचा माणूस म्हणतोय रस्त्यात घालू, खड्डं बुजत्यात.

कृष्णाकाठ

रस्त्यात अजिबात घालू देऊ नकोस. ओले करून जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, बांधून, पोरं जाणार नाहीत अशा जागी ठेव. घातक कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावणारं जवळचं केंद्र पुण्याजवळ रांजणगावला आहे. एकट्या शेतकऱ्याला दोन टन पत्रे तिथे नेणं परवडणारं नाही. आमच्या ग्रामसभेत मी विषय मांडलाय की पंचायतीने ढीग एकत्र करावेत आणि जिल्हा परिषदेने एकदम गाडी लावावी. पहिल्या सभेत हसले. दुसऱ्या सभेला मी आईला घेऊन गेलो, तिने खराट्याने झाडलेलं सांगितलं. ठराव झालाय, पुढचं कळवतो.

डॉक्टरांनी लिहिलेल्या सूचना मी एका पानावर सोप्या मराठीत उतरवल्या आहेत, ओळीगणिक चित्र काढून. चित्रं पुतणीने काढली. @गडहिंग्लजकर, तुमच्या दुकानात लावायला पाठवू का? पत्रा नेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बिलासोबत एक पान गेलं तर फार बरं होईल.

आमच्या मिस्त्रीलाही दिलं. तो काही बोलला नाही, घडी करून खिशात घातलं. काल रात्री त्याचा फोन आला. शनिवारी कुरुंदवाडला एका वखारीचे साठ पत्रे उतरवायचेत, मालकाकडे पाण्याचा पंप नाही, तुमचा फवारणीचा पंप मिळेल का म्हणून विचारत होता. पंप घेऊन मीच जातोय.

गडहिंग्लजकर

शंभर पानं पाठवा.